एका क्षणी लक्षावधी जुळण्या

लॉकरमधील वस्तू हवी असेल, तर प्रथम लॉकरचा क्रमांक सांगावा लागतो. संगणकाची नेहमीची स्मृतीही याच रीतीने चालते. पत्ता दिला की तेथील नोंद हाती येते. पण प्रश्न उलटा असेल तर? ‘अमुक वर्णनाची वस्तू कोणत्या लॉकरमध्ये आहे?’ असे विचारल्यास एकेक लॉकर उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नाही.

यावर उपाय म्हणून निराळ्या प्रकारची स्मृती घडविण्यात आली. तिच्या प्रत्येक कप्प्याला स्वतःचे तुलना करणारे मंडल असते. वर्णन पुकारताच सर्व कप्पे एकाच वेळी आपापली नोंद तपासतात आणि जुळणारा कप्पा उत्तर देतो. इंटरनेटवरील संदेशांना वाट दाखविणाऱ्या राउटरमध्ये अशी स्मृती वापरली जाते. मात्र ती महाग असते आणि वीजही अधिक खाते.

बन्नूरची मेंढी

ही जुळणी शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत कशी पोहोचते, याचे उदाहरण म्हैसूर जिल्ह्यातील बन्नूर येथे सापडते. हे गाव तेथील ठेंगण्या, भरदार मेंढीसाठी प्रसिद्ध आहे. ‘मंड्या’ या नावानेही ही जात ओळखली जाते. संकरामुळे तिचा शुद्ध वंश घटत गेला आहे. पैदाशीसाठी मेंढा विकत घेताना तो अस्सल की संकरित, हे केवळ रूपावरून सांगणे नेहमीच शक्य नसते. आणि त्याच्या किमतीत तर कुटुंबाची बचत गुंतलेली असते.

खरी ओळख डीएनएमध्ये असते. मेंढीचा जनुकीय मजकूर चारच अक्षरांचा, पण अडीचशे कोटींहून अधिक लांबीचा असतो. यंत्र तो तुकड्यातुकड्यांनी वाचते. प्रत्येक तुकडा संदर्भ-मजकुरात नेमका कोठे बसतो, हे शोधावे लागते. तेही एखादे अक्षर बदललेले वा गळालेले असू शकते हे गृहीत धरून.

तिरप्या रेषेचे रहस्य

अशा जुळणीची नेमकी रीत टेम्पल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी १९८१ मध्ये मांडली. दोन मजकूर उभे-आडवे लिहून चौकटींचा तक्ता भरावयाचा. शंभर अक्षरांचा तुकडा हजार अक्षरांशी ताडावयाचा झाल्यास एक लाख चौकटी होतात. प्रत्येक चौकटीचे मूल्य डावीकडील, वरील आणि कोपऱ्यातील शेजारणीवर ठरते. परंतु एकाच तिरप्या रेषेतील चौकटी परस्परांवर अवलंबून नसतात. त्यामुळे त्या एकदम भरता येतात.

शंभर लहान गणकांची रांग लावून प्रत्येकाकडे तुकड्याचे एकेक अक्षर सोपवले आणि दुसरा मजकूर त्यांच्यासमोरून सरकवला, तर लाख पावलांचे काम सुमारे अकराशे पावलांत आटोपते. एकाच लिपिकाने सारी खातेवही चाळण्याऐवजी शंभर जणांनी एकेक पान तपासावे, तसेच हे.

पुण्याची वाट

समांतर गणनाची ही वाट आपल्याला परकी नाही. अमेरिकेकडून अपेक्षित महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकार झाला. एकच बलाढ्य प्रक्रियक मिळविण्याच्या मागे न लागता अनेक लहान ‘ट्रान्सप्युटर’ एकत्र जोडावयाचे, हे त्याचे सूत्र होते. पुढे सी-डॅकने अंतर्गत जोडणी कामानुसार बदलता येणाऱ्या चिपवर आधारलेली, जनुकीय जुळणीचा वेग वाढविणारी कार्डेही विकसित केली.

वेगाची मर्यादा

यंत्र फक्त ताडून पाहते. अस्सल काय, हे त्याला आधी सांगावे लागते. सही कितीही बारकाईने पडताळली, तरी मूळ नमुना सही दप्तरी नसेल तर पडताळणी व्यर्थच. बन्नूरच्या मेंढीचेही तसेच आहे. तिचा मूळ नमुना मेंढपाळाने जपलेल्या शुद्ध कळपात आहे. तो कळप नाहीसा झाल्यास कोट्यवधी तुलना क्षणात करणाऱ्या यंत्रापाशी ताडून पाहावयास काहीच उरणार नाही. म्हणूनच वेगवान यंत्राइतकेच मोल त्या कळपाच्या जोपासनेलाही आहे.