आधी पंचांग, मग दुर्बीण

भाद्रपदात पाऊस ओसरू लागतो, तोवर अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर पाहुणे उतरलेले असतात. छोटा चिखल्या येतो हिमालयापलीकडच्या पठारांवरून, सँडरलिंग तर थेट उत्तर ध्रुवाकडच्या टुंड्रातून. त्यांना पाहायला निघताना दुर्बिणीआधी पंचांग उघडावे. तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशेब. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ.

आपल्याला द्वादशी हवी. ओहोटीत पक्षी दूरवर ओल्या वाळूत विखुरतात आणि दुर्बिणीतून नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की त्यांची चरायची जागा आक्रसते आणि पाणीच त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. म्हणून सातलाच सुरूच्या बनाच्या कडेला बसावे. किनारा पश्चिमेचा, तेव्हा सकाळचे ऊन आपल्या पाठीशी. चतुर्थीला नऊ वाजता पुरती ओहोटी असते. त्या दिवशी झोप काढलेली बरी.

रंगाआधी चाल पाहावी. आखूड चोचीचा, मोठ्या डोळ्यांचा चिखल्या धावतो, थबकतो, टिपतो. त्याचे सगळे काम नजरेवर. तुतवाराच्या कुळातले पक्षी मात्र चोच वाळूत खुपसत चालतात. तिच्या टोकाला स्पर्श इतका सूक्ष्म कळतो की भक्ष्य दिसावे लागत नाही, त्यामुळे अंधारातही चरता येते. सँडरलिंग याच कुळातला, पण मागचे बोट नसलेला. परतणाऱ्या लाटेमागे पळायचे, पुढची आली की तिच्यापुढे सुटायचे, हा त्याचा दिवसभराचा उद्योग.

वारा जोराचा असला की विसावलेला थवा वाऱ्याकडे तोंड करतो. पिसे विस्कटत नाहीत आणि उडणेही सोपे जाते. समुद्राकडून वारा असेल तर आपल्या वाट्याला पाठीच येतात! अशा वेळी किनाऱ्याने लांबून वळसा घालून बाजूला जावे, तिपाई बुटकी करावी. सरळ चालत गेलात तर थवा उठतो आणि प्रवासातून आलेल्या पक्ष्यांची चरबी फुकट जळते. किनाऱ्यावर गाड्या पळवणाऱ्यांना हे कोण सांगणार?

छातीवर विटकरी रंग उरला असेल तर तो प्रौढ. पिसांना फिक्या, नीटस कडा असतील तर यंदाचे पिल्लू, बहुधा आईबापांमागून स्वतःच वाट काढत आलेले. एखाद्याच्या पायावर रंगीत पट्ट्या दिसल्या तर रंगांचा क्रम, पाय डावा की उजवा, सांध्याच्या वर की खाली, एवढे तिथेच लिहून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. पट्टी कुठे चढवली, ते त्यावरूनच शोधता येते.