वानगी पोत्यातलीच हवी

धान्याच्या घाऊक बाजारात संपूर्ण पोते ओतून सौदा होत नाही. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढले जातात, ते तळहातावर पसरून पाहिले जातात आणि त्या मूठभर दाण्यांच्या भरवशावर शेकडो पोत्यांचा व्यवहार ठरतो. या दाण्यांना आपण वानगी म्हणतो. वानगी थोडी असते, निवडक असते. परंतु ती त्याच पोत्यातील असते, या एकाच विश्वासावर बाजार उभा आहे.

चित्रपटाचा ट्रेलर ही अशीच एक वानगी होय. दोन तासांच्या कथेतून दोन-अडीच मिनिटांचा अंश निवडून तो प्रेक्षकापुढे ठेवायचा आणि त्याच्या बळावर तिकीट खपवायचे, हा मुळात व्यापारी व्यवहार आहे. माध्यमशास्त्राच्या महाविद्यालयीन वर्गांत, आणि आता कित्येक शाळांच्या उपक्रमांतही, विद्यार्थ्यांना असा ट्रेलर तयार करण्याचा प्रकल्प दिला जातो. घरातील मुलगा वा मुलगी मोबाईल आणि संगणक घेऊन त्यात गुंतली, की आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांत स्वाभाविक प्रश्न उठतो : या खटाटोपाचा पुढे उपयोग काय? उत्तर असे, की हा प्रकल्प नीट केला तर पेढीवर बसून शिकावे लागणारे बरेच काही येथे शिकता येते. आणि नीट न केला तर पेढीवर जे कधीही शिकू नये, तेही याच साधनांनी सहज अंगवळणी पडते.

एका मिनिटाची वानगी

अमेरिकेतील मार्कस लो यांच्या चित्रपटगृहांचे जाहिरात व्यवस्थापक निल्स ग्रॅनलंड यांनी १९१३ मध्ये ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीतिकेच्या प्रसिद्धीसाठी एक लहान चित्रफीत दाखवली. ती पहिला ट्रेलर मानली जाते. प्रारंभी अशा जाहिराती मुख्य चित्रपटाच्या मागोमाग दाखवल्या जात. ‘ट्रेलर’ हे नाव त्यातूनच आले.

आपल्याकडील उदाहरण त्याच्याही आधीचे आणि अधिक बोलके आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून चित्रपटनिर्मितीचे तंत्र शिकून परतले, तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज एकेक चित्र घेतले. बीजाला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतची ती वाढ पडद्यावर एका मिनिटाच्या आसपास दिसत असे. ही चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी, नारायणराव देवहारे आदींनी त्यांना कर्ज देऊ केले आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या प्रेक्षकांसमोर आला. कर्ज देणाऱ्यांनी चित्रपट पाहिलेला नव्हता. पाहिली होती ती केवळ वानगी. परंतु त्या वानगीत फाळक्यांचा धीर, शिस्त आणि हातोटी खरोखरीची होती.

साधने आणि हिशेब

ब्रिटनमधील ओसीआर या परीक्षा मंडळाच्या माध्यम अभ्यासक्रमात अनेक वर्षे एक प्रकल्प-पर्याय असा होता, की विद्यार्थ्यांनी ट्रेलर, त्याचे पोस्टर आणि नियतकालिकाचे मुखपृष्ठ असा संच तयार करावा. प्रकल्पाअखेर चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. त्यांतील एक प्रश्न असा, की संशोधन, नियोजन, निर्मिती आणि मूल्यमापन या टप्प्यांवर तुम्ही माध्यम-तंत्रज्ञान कसे वापरले? ही चौकट आपल्या विद्यार्थ्यांनीही अवश्य घ्यावी. कारण बहुतेकांचे लक्ष केवळ निर्मितीवर असते, आणि प्रकल्प फसतो तो उरलेल्या तीन टप्प्यांत.

संशोधन म्हणजे प्रसिद्ध झालेले चार-पाच ट्रेलर थांबवून थांबवून पाहणे आणि कितव्या सेकंदाला कोणते दृश्य, कोणता ध्वनी, कोणती अक्षरे आली याचा तक्ता संगणकावर मांडणे. नियोजन म्हणजे प्रत्येक दृश्याचे रेखाचित्र, चित्रणाच्या दिवसांचे वेळापत्रक आणि खर्चाचे अंदाजपत्रक. ज्या घरात रोजमेळ लिहिला जातो, त्या घरातील मुलाला हे तक्ते परके वाटू नयेत.

निर्मितीसाठी मोठे भांडवल लागत नाही. साधा मोबाईल आज १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्रण करतो. संकलनासाठी ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची विनामूल्य आवृत्ती आहे, ‘केडेनलाइव्ह’ आणि ‘शॉटकट’ ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत, ध्वनी स्वच्छ करण्यास ‘ऑडेसिटी’ पुरते. सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दोन मिनिटांच्या ट्रेलरमध्ये ३००० चित्रे बसतात. त्यातील प्रत्येक चित्र का ठेवले, याचे उत्तर देता आले पाहिजे. मूळ चित्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यातील एक प्रत घराबाहेर असावी, हा या क्षेत्रातील रूढ नियम आहे. हिशेबाच्या वह्या जपणाऱ्यांना त्याचे मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या आचारधर्माचाही येथे विचार व्हावा. रात्री प्रखर दिव्यांखाली चित्रण केले, की प्रकाशाकडे असंख्य कीटक झेपावतात आणि मरतात. सकाळच्या उन्हात खिडकीजवळ केलेले चित्रण जीवदयेच्या दृष्टीने योग्य आणि दिसायलाही सौम्य असते. शिवाय त्याचे भाडे द्यावे लागत नाही. स्थानकात वा मंदिरात चित्रण करण्यापूर्वी विश्वस्तांची अनुमती घ्यावी. आपल्या काही परंपरांतील साधु-साध्वी विजेची साधने वापरत नाहीत, ध्वनिक्षेपकही स्वीकारत नाहीत. त्यांच्या मर्यादेचा मान विद्यार्थ्याने न सांगता राखावा.

नय आणि नयाभास

संकलनाच्या मेजावर खरी कसोटी लागते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एका अभिनेत्याच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच दृश्य निरनिराळ्या दृश्यांशेजारी जोडले : सूपचा वाडगा, शवपेटी, एक स्त्री. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात क्रमाने भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. चेहरा बदललेला नव्हता. शेजार बदलला होता. २००५ मध्ये न्यूयॉर्कमधील रॉबर्ट र‍्यांग या तरुण संकलकाने तर ‘द शायनिंग’ या भयपटातील दृश्ये घेऊन त्याचा ट्रेलर असा रचला, की तो हसताखेळता कौटुंबिक चित्रपट वाटावा. ती स्पर्धेसाठी केलेली उघड गंमत होती आणि तिला पारितोषिकही मिळाले. परंतु हेच कौशल्य गंमत म्हणून न सांगता वापरले, तर त्याला काय म्हणावे?

जैन न्यायशास्त्राने याचे नेमके उत्तर दिले आहे. वस्तूच्या अनंत धर्मांपैकी एक धर्म मुख्य मानून केलेले कथन म्हणजे नय. इतर धर्मांचा निषेध न करता ते केले, तर ते योग्यच असते. मात्र तोच एक अंश म्हणजे संपूर्ण वस्तू, असा आग्रह धरला, की तो नयाभास होतो. ट्रेलर हा स्वभावतःच नय आहे. त्याने शेवट सांगू नये, रहस्य राखावे, एखादीच बाजू दाखवावी. यात असत्य नाही. वानगी दाखवताना कोणी सारे पोते उघडत नाही. असत्य तेथे सुरू होते, जेथे पोत्यात नसलेला दाणा तळहातावर ठेवला जातो. राखून ठेवणे आणि बदलून दाखवणे यांतील ही रेषा विद्यार्थ्याला स्वतः ओढता आली, तर प्रकल्पाचे निम्मे फळ मिळाले असे समजावे.

कायदा आणि पेढी

या विषयावरील एक महत्त्वाचा खटला महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१६ मधील ‘फॅन’ या चित्रपटाच्या प्रसिद्धीत ‘जबरा फॅन’ हे गाणे ठळकपणे दाखवले गेले. प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हते. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एका शिक्षिकेने आपली फसवणूक झाल्याची तक्रार केली. जिल्हा मंचाने ती फेटाळली. राज्य ग्राहक आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो रद्द केला. ट्रेलर ही एकतर्फी प्रसिद्धी असून तो कराराचा प्रस्ताव ठरत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला. पेढीच्या दृष्टीने तो मिटत नाही. वानगीप्रमाणे माल न निघाल्यास ग्राहक न्यायालयात जाईलच असे नाही. तो दुसऱ्या दुकानात जातो, आणि पुन्हा येत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील ‘प्रतिरूपक व्यवहार’ म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणे, आणि ‘तदाहृतादान’ म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. हे दोन्ही शब्द व्यापाऱ्यासाठी योजलेले आहेत. ट्रेलर करणाऱ्या विद्यार्थ्याला ते तितकेच लागू पडतात.

तदाहृतादानाचा प्रसंग संगीताच्या बाबतीत हमखास येतो. इंटरनेटवरून उतरवलेले लोकप्रिय गाणे ट्रेलरखाली जोडून देणे फार सोपे असते. आपल्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. काव्याचा आणि संगीतरचनेचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणून सतराव्या शतकातील आनंदघनजींचे स्तवन सर्वांचे आहे, परंतु आजच्या गायकाने मुद्रित केलेला त्याचा ध्वनी सर्वांचा नाही. घरातील कोणी ते स्तवन गाऊन मोबाईलवर मुद्रित केले, तर प्रश्नच उरत नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याने दिलेले संगीतही वापरता येते. मात्र अट वाचावी. काही परवान्यांत निर्मात्याचे नाव देणे बंधनकारक असते, काहींत व्यापारी वापराला मनाई असते.

कृत्रिम बुद्धिमत्तेने हा प्रश्न अधिक गंभीर केला आहे. एखाद्याचा आवाज वा चेहरा त्याच्या नकळत निर्माण करून त्याच्या तोंडी वाक्ये घालणे आता विद्यार्थ्यालाही शक्य आहे. सत्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटा लेख तयार करणे आहे. पूर्वी ती खोटी हुंडी वा खोटी सही असे. आज ती खोटी चित्रफीत असू शकते. जेथे संगणकाने दृश्य निर्माण केले, तेथे तसे स्पष्ट लिहावे. आणि जिवंत व्यक्तीचा चेहरा तिच्या संमतीविना घेऊ नये.

प्रकल्पाचा ताळेबंद

अखेरचा टप्पा मूल्यमापनाचा. ट्रेलर दहा-पंधरा जणांना दाखवावा आणि त्यांना एवढेच विचारावे : हा पाहून चित्रपट कशाविषयी असेल असे वाटते? आलेली उत्तरे आणि मूळ कथा शेजारी शेजारी ठेवावीत. शेवटाचा अंदाज कोणालाच आला नाही, तर ते कौशल्य. चित्रपटाचा प्रकारच सर्वांनी वेगळा ओळखला, तर वानगी बदलली गेली आहे. पुन्हा संकलनाला बसावे.

वडीलधाऱ्यांनी या वेळी मुलांजवळ जरूर बसावे. त्यांना सॉफ्टवेअर येत नसले तरी चालेल. माल पारखणे येते. हे दृश्य तुमच्या कथेत आहे का, हे संगीत कोणाचे आहे, यात दिसणाऱ्यांनी होकार दिला आहे का, हे तीन प्रश्न त्यांनी विचारावेत. उद्या हीच मुले आपल्या दुकानाची जाहिरात मोबाईलवर तयार करणार आहेत. साडीचा रंग थोडा गडद करणे, दागिन्याला नसलेली झळाळी देणे त्यांना एका बोटाने शक्य असेल. साडी घरी पोहोचल्यावर ग्राहक ती उजेडात धरून पाहतो, आणि पिढ्यांनी जमवलेली पत त्या क्षणी पणाला लागलेली असते. त्या वेळी बोट कोठे थांबवायचे, हे ज्याने महाविद्यालयातील दोन मिनिटांच्या ट्रेलरवर शिकून घेतले आहे, त्याच्या हाती दुकानाची जाहिरात निर्धास्तपणे सोपवावी.