संध्याकाळी घरी जायचंय, भूल कोणती?

जानेवारी 2004 मध्ये अमेरिकन लेखिका ऑलिव्हिया गोल्डस्मिथ न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात हनुवटीखालची सैल त्वचा काढून घ्यायला गेल्या. वय वाढलं म्हणून नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांवरच्या त्यांच्या 'द फर्स्ट वाइव्हज क्लब' या कादंबरीवर सिनेमाही निघाला होता. भूल दिल्यावर त्यांचं हृदय थांबलं. त्या कोमात गेल्या आणि काही दिवसांनी, वयाच्या 54 व्या वर्षी, वारल्या.

सौंदर्यशस्त्रक्रियेला येणारा माणूस बहुधा धडधाकट असतो. तो सर्जनची माहिती काढतो, आधीचे-नंतरचे फोटो पाहतो, खर्चाची घासाघीस करतो. भूलतज्ज्ञाचं नावही अनेकदा त्याला टेबलावर पडल्यावर कळतं.

सर्वांत साधी ती जागेवरची भूल, म्हणजे 'लोकल'. तीळ काढणं, कानाची फाटलेली पाळी शिवणं, पापण्यांची जादा त्वचा कापणं यांना ती पुरते. पापण्यांच्या बाबतीत तर रुग्ण जागा असलेला बरा; सर्जन मध्येच "डोळे उघडा" म्हणून दोन्ही बाजू सारख्या झाल्या का ते पाहू शकतो.

लोकलचं खरं नवल लिपोसक्शनमध्ये दिसतं. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी 1943 मध्ये बनवलेलं लोकलचं औषध लिडोकेन अॅड्रेनलीनसोबत दिलं, तरी एरवी त्याची मर्यादा किलोमागे 7 मिलिग्रॅम धरतात. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ते लिटरभर सलाईनमध्ये अगदी पातळ केलं, त्यात किंचित अॅड्रेनलीन आणि झोंबू नये म्हणून सोडिअम बायकार्बोनेट घातलं आणि ते चरबीत सोडलं. चरबी फुगून टणक होते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तस्राव नावापुरता उरतो. चरबीला रक्तपुरवठा कमी असल्याने औषध रक्तात हळूहळू उतरतं. म्हणूनच 1990 मध्ये क्लाइन किलोमागे 35 मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकले. पुढे अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही मर्यादा 55 वर नेली.

हे आकडे फक्त या पद्धतीपुरतेच. आणि हळूहळू उतरण्यातच एक मेखही आहे: रक्तातलं प्रमाण साधारण बारा तासांनी शिगेला पोचतं. तोवर रुग्ण घरी जेवायला बसलेला असतो. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, जीभ जड होणं ही विषबाधेची पहिली लक्षणं. पुढे झटके येतात, हृदयाची लय बिघडते. त्यावर शिरेतून वीस टक्क्यांचं स्निग्ध द्रावण देतात. ज्या क्लिनिकमध्ये लिडोकेन भरपूर वापरतात पण हे द्रावण ठेवत नाहीत, तिथून उठून यावं.

मधला पर्याय गुंगीचा: मिडाझोलाम, फेंटानिल किंवा दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल. पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलेल्या इयन ग्लेन यांना प्रोपोफॉलच्या शोधासाठी 2018 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. त्याची गुंगी काही मिनिटांत उतरते, म्हणून त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांसाठी ते सोयीचं. पण हलकी गुंगी कधी गाढ होईल आणि श्वास कधी मंदावेल याचा नेम नाही. मिडाझोलाम आणि फेंटानिल यांवर उतारा आहे, प्रोपोफॉलवर नाही. म्हणून चाकू चालवणाऱ्यानेच गुंगीवरही लक्ष ठेवणं ही काटकसर महागात पडते. चेहऱ्यावर काम चाललं असेल तर आणखी एक भीती: नाकाशी सोडलेला ऑक्सिजन आणि रक्त थांबवणारी कॉटरी एकत्र आली की आग लागू शकते.

पूर्ण भुलीचं नाव काढलं की लोक दचकतात. नाकाच्या शस्त्रक्रियेत मात्र रक्त घशात उतरतं. तिथे अर्धवट गुंगीपेक्षा श्वासनलिकेत नळी घालून दिलेली पूर्ण भूल अधिक सुरक्षित ठरू शकते.

अलीकडे उपाशीपोटी येण्याचा नियमही गुंतागुंतीचा झाला आहे. घन अन्न सहा तास बंद, पाणी दोन तास, एवढं पूर्वी पुरे होतं. पण 2025 मध्ये भारतात आलेली मौंजारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी इंजेक्शनं पोट रिकामं व्हायला वेळ लावतात, आणि वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा काढून घ्यायला येतात ती ही इंजेक्शनं घेणारीच माणसं. अमेरिकन भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2023 मध्ये साप्ताहिक इंजेक्शन आठवडाभर आधी थांबवायला सांगितलं. पुढच्याच वर्षी इतर संघटनांसह तिने भूमिका सौम्य केली: सरसकट थांबवू नका, ज्यांना धोका जास्त त्यांना आदला दिवस पातळ आहारावर ठेवा. इंजेक्शन चालू असल्याचं रुग्णाने सांगितलं, तरच हे जमतं. आणि डाएटच्या गप्पांत अभिमानाने सांगितलेली ही गोष्ट भुलीच्या फॉर्मवर भरायची अनेकदा राहून जाते.