फॅट किती लागली?

ओढ्याच्या कडेला वायरींचं भेंडोळं पेटलेलं आहे. ज्वाळेला मधूनच हिरवी झाक येते, ती तांब्याची. विशी-बाविशीचा एक पोरगा तोंडाला ओला रुमाल बांधून लांब सळईनं ते भेंडोळं उलटंपालटं करतोय. वायरीवरचं प्लॅस्टिक वितळून थेंबाथेंबानं गळतंय. धूर काळा आणि जड. तो वर जातच नाही, उसाच्या शेंड्यांवरून आडवा पसरतो आणि वाऱ्याबरोबर गावाकडे सरकतो.

"तिकडं उभं राहू नका ताई, डोळं चुरचुरतील," पोरगा मला सांगतो.

सांगली जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या हद्दीकडचं हे गाव. पाऊस नुकताच उघडलाय आणि ओढ्याकाठी गवत गुडघ्याएवढं माजलंय. आगीपासून हाकेच्या अंतरावर गावातल्या आक्का विळ्यानं गवत कापतायत. घरी दोन म्हशी आणि एक होल्स्टीन (एचएफ) गाय. बांधावरची वैरण फुकटची, ती सोडून चालत नाही. त्यांच्या भाऱ्यातलं एक पान मी घेते आणि त्यावरून अंगठा फिरवते. अंगठ्याला काळी, किंचित तेलकट रेघ उमटते. आक्का बघतात, पदरानं माझा अंगठा पुसतात आणि म्हणतात, "धूळ हाय. जनावराला काय हुतंय?"

ही धूळ नाही. वायरीवरच्या पीव्हीसी प्लॅस्टिकमध्ये क्लोरीन असतं. ते अर्धवट जळतं तेव्हा, विशेषतः धूर 200 ते 400 अंश सेल्सियसच्या टप्प्यात असताना, डायॉक्सिन नावाची संयुगं तयार होतात, आणि तांबं त्या क्रियेला हातभार लावतं. डायॉक्सिन कुणी मुद्दाम बनवत नाही, त्याचा कशालाच उपयोग नाही. ते मोडायला 850 अंशांच्या वरची, नीट राखलेली आग लागते. ओढ्याकाठची ही आग ते मोडणारी नव्हे, घडवणारी आहे. मग ते काजळीबरोबर पानावर बसतं. मुळांवाटे पिकात ते फारसं चढत नाही. जनावराच्या पोटात जातं ते पानावरच्या काजळीतून आणि चरताना तोंडात येणाऱ्या मातीतून.

जुन्या राखेच्या ढिगावर चार कोंबड्या उकरतायत. गावरान अंडं म्हणून शहरात ज्याला जास्तीचे पैसे मोजतात, ते अंडं या कोंबड्या देणार. चोच मारली की किड्याबरोबर मातीही पोटात जाते. मोकळ्या कोंबडीच्या अंड्यावरून त्या जागेच्या मातीत काय मुरलंय ते ओळखता येतं, म्हणून जगभरचे अभ्यासक अशा ठिकाणी आधी अंडी तपासायला घेतात. 1999 मध्ये बेल्जियममध्येही आधी बोलल्या त्या कोंबड्याच. अंडी कमी झाली, त्यांतून पिल्लं निघेनाशी झाली. शोध घेतला तेव्हा कळलं की ट्रान्सफॉर्मरचं, पीसीबी रसायनं आणि डायॉक्सिन असलेलं तेल पशुखाद्यात घालायच्या चरबीत मिसळलं होतं. दोन मंत्री पायउतार झाले आणि त्याच वर्षीच्या जूनमधल्या निवडणुकीत सरकारही गेलं. तिथं निदान कुणीतरी प्रयोगशाळेत नमुना पाठवला होता.

संध्याकाळी सहाला दूध संकलन केंद्रावर रांग लागते. किटल्यांचे आवाज, मोटारसायकली, दाराशी रेंगाळणारं कुत्रं. आक्कांची पाळी येते. सेक्रेटरी मापानं दूध ढवळतो, नमुना मशीनखाली धरतो. पडद्यावर लाल आकडे उमटतात: फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ.

"आक्का, सहा-नऊ लागली की! एसएनएफ नऊ-एक."

आक्कांचा चेहरा खुलतो. म्हशीच्या दुधाचा दर सहा फॅटच्या पायावर धरतात, वरच्या प्रत्येक पॉइंटला पैसे वाढतात. सरकी पेंड महाग झाली तरी त्यांनी तोडली नाही, त्याचं हे फळ. पाणी, युरिया, साखर, मीठ यांची तपासणी इथं होते आणि ती प्रामाणिकपणे होते, हे मी समोर उभी राहून बघतेय. पण ज्या फॅटवर दर ठरतो, डायॉक्सिन बसतं तेही त्याच फॅटमध्ये. पाण्यात ते विरघळत नाही, लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत घर करून राहतं. दुभत्या जनावराच्या अंगातून ते बाहेर पडायची मोठी वाट म्हणजे दूध. युरोपात म्हणूनच दुधातल्या डायॉक्सिनची मर्यादा लिटरमागे नव्हे, चरबीच्या ग्रॅममागे मोजतात, आणि तीही पिकोग्रामात. पिकोग्राम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. केंद्रावरच्या मशीनला हे दिसणं शक्यच नाही. त्याची चाचणी मोठ्या प्रयोगशाळेतच होते आणि तिचा खर्च गावच्या डेअरीला झेपणारा नाही.

"उकळलं की मरतंय सगळं," मागून कुणीतरी म्हणतं. जंतू मरतात. हे जंतू नाहीत.

आक्का मला बाजूला घेतात. लेक बाळंतपणाला आलीय, दोन्ही वेळ पेलाभर दूध घेते, असं सांगतात. त्यांना किती सांगावं, असा क्षणभर विचार येतो, पण अर्धवट सांगणं मला बरोबर वाटत नाही. 2004 मध्ये जपानच्या एहिमे विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आशियातल्या उघड्या कचरा डेपोंभोवती राहणाऱ्या मातांचं दूध त्यांनी तपासलं होतं. भारतातल्या डेपोजवळच्या मातांच्या दुधात डायॉक्सिन जास्त निघालं, आणि ते येण्याची एक संभाव्य वाट म्हणून त्यांनी बोट दाखवलं ते गाई-म्हशींच्या दुधाकडे. माणसाच्या अंगात गेलेलं डायॉक्सिन निम्मं व्हायला सात ते अकरा वर्षं लागतात. त्यातल्या सर्वांत विषारी प्रकाराला कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 1997 मध्ये पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारं ठरवलं. संप्रेरकं, प्रतिकारशक्ती, पोटातल्या बाळाची वाढ, या सगळ्यांवर त्याचा घाला पडतो. एका पेल्यानं काही होत नाही. होतं ते रोजच्या पेल्यानं, वर्षानुवर्षं.

"मग लेकीनं पाजायचं न्हाई व्हय बाळाला?"

"पाजायचंच," मी लगेच म्हणते. "आईच्या दुधाला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. थांबवायचं ते जाळणं. आणि ओढ्याकाठची वैरण गोठ्यात न्यायची नाही."

तेवढ्यात तो वायर जाळणारा पोरगा स्टीलचा डबा घेऊन येतो. त्याचा अर्धा लिटरचा रतीब आहे, घरी तीन वर्षांची मुलगी. रुमाल आता गळ्यात आहे, भुवयांवर काजळी तशीच. आक्का त्याच्यासमोर उभ्या राहतात.

"तुझी पोर माझ्याच म्हशीचं दूध पिती न्हवं रं?"

त्याला कळत नाही. आक्का त्यांच्या शब्दांत सांगतात: तुझा धूर, माझं गवत, तिचा पेला. तो ऐकून घेतो. मग मान न उचलता बोलतो. जाड वायर तो सोलतोच, सोललेल्या तांब्याला दोन पैसे जास्त मिळतात. पण मोटारीच्या, चार्जरच्या बारीक वायरी सोलत बसलं तर दिवसाची हजेरी सुटत नाही. सोलायचं मशीन असतं म्हणतात, ते त्यानं फक्त मोबाइलवर बघितलंय.

"मी एकटा जाळतो का, आक्का? शेठ जळकं तांबं घेतो म्हणून जाळतो. त्यानं नको म्हटलं तर उद्या बंद."

रांग पुढं सरकायची थांबलीय. सेक्रेटरी मापं हातात धरून ऐकतोय. हा पोरगा खरं बोलतोय, असं मला वाटतं. जळकं तांबं ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, ते काळवंडलेलं असतं, वजनकाट्यावरच दिसतं. जे विष दुधात शोधायला एवढी यंत्रसामग्री लागते, ते भंगाराच्या दुकानात नुसत्या डोळ्यांनी अडवता येतं.

"कोण शेठ? त्याचा नंबर दे," आक्का म्हणतात.

पोरगा घुटमळतो, मग खिशातून फोन काढतो. आक्का सेक्रेटरीकडे वळतात. "फॅटच्या वहीत लिहू नगंस. येगळ्या कागदावर घे. आन् सरपंचांना सांग, ग्रामसभेत पैला इषय ह्योच."

सेक्रेटरी पावतीची पाठकोरी बाजू उलटतो आणि पेनचं टोपण काढतो.