दगड, तारे आणि रक्तातले शिसे

बारावीचा निकाल लागला की घराघरांत ‘नीट’चे गुण, जेईईचे पर्सेंटाइल आणि प्रवेशाच्या फेऱ्या यांचीच चर्चा सुरू होते. अशा वेळी एखाद्या मुलीने ‘मला भूशास्त्र शिकायचे आहे’ किंवा एखाद्या मुलाने ‘मला खगोलशास्त्रात जायचे आहे’ असे म्हटले, की आधी शांतता पसरते. मग प्रश्न येतो, ‘दगडधोंडे आणि तारे बघून पोट भरणार का?’ आईवडिलांची काळजी खोटी नसते. पण त्या प्रश्नामागे एक समजही दडलेला असतो. माणसाच्या जिवाशी संबंध असलेले विज्ञान म्हणजे वैद्यक आणि जीवशास्त्र, बाकीचे सगळे कुतूहलापुरते, असा तो समज. तो तपासून पाहण्यासारखा आहे.

हातात दगड, डोळ्यापुढे प्रकाश

भूशास्त्राच्या पदवीची सुरुवात हातात दगड घेऊन होते. रंग, चमक, कठीणपणा, चिनी मातीच्या खरखरीत फरशीवर घासल्यावर उमटणारी रेघ, एवढ्यावरून खनिज ओळखायला शिकवतात. पुढे स्थलदर्शक नकाशे येतात, होकायंत्राने खडकांच्या थरांचा कल मोजणे येते आणि पायपीट करायला लावणाऱ्या क्षेत्रभेटी येतात. मग खडकाची चकती घासून घासून ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ करतात. एवढा पातळ झालेला काळा कातळ पारदर्शक होतो आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले एकेक खनिज वेगळ्या रंगात उजळते. वैद्यकालाही हे तंत्र उपयोगी पडले. सांध्यातून काढलेल्या द्रवात युरिक आम्लाच्या सुईसारख्या स्फटिकांचा शोध याच ध्रुवित प्रकाशात घेतात आणि त्यावरून गाउटचे निदान पक्के होते.

खगोलशास्त्राची स्वतंत्र बी.एस्सी. आपल्याकडे क्वचितच मिळते. बहुतेक विद्यार्थी भौतिकशास्त्र आणि गणिताच्या वाटेने तिकडे जातात. तिथे अभ्यासाचे मुख्य साधन म्हणजे दुरून आलेला प्रकाश. तो वर्णपटात उलगडला की ताऱ्याचे तापमान, त्यातली मूलद्रव्ये, त्याचा वेग असे बरेच काही कळते.

या दोन्ही विषयांत एक साम्य आहे. ज्वालामुखी प्रयोगशाळेत आणता येत नाही आणि तारा कापून बघता येत नाही. मागे उरलेल्या खुणांवरून काय घडले असेल ते ठरवायचे, आणि मोजमापात आपलीच चूक तर झाली नाही ना, हे पुन्हा पुन्हा तपासायचे. या शिस्तीतून किती मोठी गोष्ट हाती लागू शकते, हे क्लेअर पॅटरसन यांच्या कामावरून कळते.

पृथ्वीचे वय शोधताना

पॅटरसन हे मूळचे अमेरिकेतील आयोवा राज्यातले. त्यांची पदवी रसायनशास्त्राची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो विद्यापीठात संशोधन करताना त्यांच्याकडे काम आले ते खडक आणि उल्कांमधले शिसे मोजण्याचे. युरेनियम ठरावीक गतीने क्षय पावत शेवटी त्याचे शिसे होते. म्हणून शिशाच्या वेगवेगळ्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले, तर वय काढता येते. अडचण अशी, की पृथ्वीचे अगदी आरंभीचे खडक वितळून, झिजून, गाडले जाऊन नाहीसे झाले आहेत. उल्का मात्र पृथ्वीबरोबरच, त्याच सामग्रीतून तयार झालेल्या. लोहयुक्त उल्केत युरेनियम जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिच्यातले शिसे सूर्यमालेच्या जन्मवेळी होते तसेच राहते. अ‍ॅरिझोनातील प्रसिद्ध विवर ज्या उल्केने घडवले, तिचाच तुकडा पॅटरसन यांनी वापरला. आपले बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही उल्कापातानेच झालेले आहे.

पण आकडे जुळेनात. नमुन्यांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त शिसे दिसायचे. नमुना चुकीचा आहे असे म्हणून ते थांबले नाहीत. हे जादा शिसे येते कुठून, याचा त्यांनी पाठपुरावा केला. ते हवेतून, पाण्यातून, रसायनांतून, काचेच्या भांड्यांतून, माणसांच्या केसांतून आणि कपड्यांतून येत होते. त्यांनी प्रयोगशाळा घासून पुसून काढली, रसायने स्वतः शुद्ध केली. पुढे कॅलिफोर्नियात शिशापासून मुक्त अशी खास प्रयोगशाळा उभारली. तेव्हा कुठे उत्तर मिळाले. १९५६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले पृथ्वीचे वय होते सुमारे ४५५ कोटी वर्षे. ते आजही जवळपास तसेच मानले जाते.

एखाद्याने यावरच समाधान मानले असते. पॅटरसन यांना मात्र प्रयोगशाळेत घुसलेले ते शिसे स्वस्थ बसू देईना. त्यांनी समुद्राचे पाणी तपासले, तर खोल पाण्यापेक्षा वरच्या थरात शिसे जास्त होते. म्हणजे ते अलीकडे, वरून पडलेले होते. ग्रीनलंडच्या बर्फाचे जुने आणि नवे थर तपासले, तर नव्या बर्फात शिसे झपाट्याने वाढलेले. इंजिनाचा ठोका कमी व्हावा म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते आणि ते धुरावाटे सगळ्या जगात पसरत होते.

शरीराला शिशाचा काहीही उपयोग नाही. पण ते कॅल्शियमची जागा घेत हाडांत साठते, रक्तातले हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा आणते आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर कायमचा परिणाम करते. पॅटरसन यांनी १९६५ मध्ये हा धोका सविस्तर मांडला, तेव्हा शिशाचा उद्योग आणि त्याच्या बाजूचे तज्ज्ञ त्यांच्यावर तुटून पडले. वैद्यकाशी संबंध नसलेल्या माणसाने यात पडू नये, असा एकंदर सूर होता. संशोधनाचे करार हातचे गेले. पण त्यांची मोजमापे खोडून काढता आली नाहीत. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले. तिथल्या राष्ट्रीय पाहणीत १९७० च्या दशकाअखेरीस लोकांच्या रक्तातील शिशाची सरासरी डेसिलिटरला १२.८ मायक्रोग्रॅम होती, ती १९९० च्या सुमारास २.८ वर आली. भारतात २००० साली शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले. २०२१ मध्ये अल्जीरियातील शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि मोटारींसाठी त्याचा वापर जगातून संपला.

खोडदच्या अँटेना आणि सीटी स्कॅन

खगोलशास्त्राचेही असेच एक उदाहरण आहे. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरी पट्ट्यापट्ट्यांनी मोजता येत होत्या, पण त्यांतून पूर्ण चित्र कसे उभे करायचे, हा प्रश्न होता. रोनाल्ड ब्रेसवेल या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये त्याची गणिती रीत मांडली. सीटी स्कॅनमध्ये शरीराभोवती फिरणाऱ्या क्ष-किरणांच्या मोजमापांतून आतला छेद उभा करतात, त्यामागचे गणित हेच. सीटी स्कॅनसाठी १९७९ चे नोबेल मिळवणारे हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक आपापल्या स्वतंत्र वाटेने तिथे पोचले होते. पण ब्रेसवेल यांनी पुढे मांडलेल्या सोप्या गणनपद्धती वैद्यकीय प्रतिमांनाही उपयोगी ठरल्या. याच ब्रेसवेल यांच्याकडे स्टॅनफर्डला डॉ. गोविंद स्वरूप यांनी पीएच.डी. केली. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, उभी राहिली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली.

वाट कोणती?

पुण्यातील फर्ग्युसन आणि मुंबईतील सेंट झेवियर्स या महाविद्यालयांत भूशास्त्र पदवीला शिकता येते. पुण्याच्या आयसरमध्ये पृथ्वी व हवामान विज्ञानाचा विभाग आहे. खगोलशास्त्राची ओढ असलेल्यांनी भौतिकशास्त्र आणि गणित पक्के करावे. पुण्यातील आयुका आणि एनसीआरए या संस्था पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतील प्रकल्प आणि कार्यशाळा घेतात. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असावी. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रांत फारसे भागत नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिक पदासाठी यूपीएससीची परीक्षा असते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. खगोल संशोधनासाठी पीएच.डी. हवीच.

एवढी वर्षे घालवून मिळते काय? यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत याचे उत्तर सापडते. तिथल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोत नसेल तर फार तर दीड, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात आणि मोठ्यांचे सांधे व कणा ताठ होत जातात. डाग पाहून आणि एक्स-रे काढून डॉक्टर निदान करू शकतो. पण हाडांत साठलेले फ्लोराइड बाहेर काढणारे खात्रीचे औषध वैद्यकाकडे नाही. खरा उपाय म्हणजे पाणी बदलणे. गावातल्या कोणत्या बोअरचे पाणी कोणत्या खडकातून येते, कोणती बंद करावी आणि निर्धोक पाणी कुठे व किती खोलीवर मिळेल, हे सांगायला खडक वाचता येणारा माणूस लागतो.

तो माणूस कधीतरी बारावीच्या निकालानंतर ‘मला भूशास्त्र शिकायचे आहे’ असे म्हणालेला असतो.