एफ-फाइव्ह दाबताय? एक मिनिट!

पुण्यातलं एसी ऑफिस सोडून गडचिरोलीत कामाला आले, तेव्हा मित्रमैत्रिणींनी वाघ, मलेरिया, नेटवर्क अशी सगळी भीती घालून झाली होती. पण मला दणका दिला तो एका साध्या बटणानं!

काम होतं वनहक्क दाव्यांच्या डेटा एन्ट्रीचं. धानोरा तालुक्यातले एक आजोबा एसटीनं आले होते. २००६च्या वनहक्क कायद्यानुसार त्यांना दाखवायचं होतं, की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ही जमीन तेच कसतायत. धुऱ्याच्या खुणा, जुनी विहीर, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब... ते सांगत होते, मी टायपत होते.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-फाइव्ह म्हणजे ‘सेव्ह’. नेहमीच्या सवयीनं दाबलं, आणि फॉर्म कोरा!

‘झालं का मॅडम?’ आजोबांनी विचारलं. काय सांगणार, कप्पाळ?

मग कळलं, की नव्या व्हर्जनमध्ये पुराव्यांचं पान म्हणजे आत बसवलेला एक वेब ब्राउझर होता. म्हणजे घर एक, मालक दोन! कर्सर त्या पानात होता, म्हणून बटण आधी ब्राउझरला मिळालं. त्याच्या लेखी एफ-फाइव्ह म्हणजे ‘रिफ्रेश’. ज्याच्या हाती ससा तो पारधी! बाहेरच्या सॉफ्टवेअरला पत्ताच नाही.

ब्राउझरच्या शॉर्टकटनं असा घात करणं काही नवं नाही. पूर्वी क्रोममध्ये कर्सर चौकटीबाहेर असताना बॅकस्पेस दाबलं, की थेट मागचं पान यायचं आणि भरलेला फॉर्म गायब! क्रोमनं २०१६मध्ये ही सवय सोडली, फायरफॉक्सनं २०२१मध्ये.

आमच्यासारख्या सॉफ्टवेअरवरही उपाय आहे, बरं का. मायक्रोसॉफ्टच्या वेबव्ह्यू-टूमध्ये ब्राउझरचे शॉर्टकट बंद करायचं सेटिंग आहे. ते केलं की एफ-फाइव्ह, कंट्रोल-आर गप्प बसतात, कॉपी-पेस्ट मात्र चालू राहतं. तेव्हा तुमच्या ऑफिसात असं काही झालं, तर ‘माझंच चुकलं’ म्हणून गप्प बसू नका. डेव्हलपरला सांगा, कोणतं बटण दाबलं आणि तेव्हा कर्सर कुठे होता. आणि तोवर? मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहा, सेव्ह माउसनंच करा.

आजोबांनी पाण्याचा घोट घेतला आणि धुऱ्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली. न चिडता. या वेळी मी नोटपॅड उघडलं होतं.