टांगत्या कड्यांवरील जोर : बळ आणि स्थैर्य



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी शरीरशिक्षणाच्या तासाला कधीही दुय्यम मानले नाही. म्हणूनच विषय निवडताना मी ग्रंथालयाकडे न वळता व्यायामशाळेकडे वळलो.

पेडणे-डिचोलीच्या मुलांचे हात एके काळी कामानेच घडत. विहिरीचे पाणी ओढणे, झाडावर चढणे, कुळागरात खपणे यांतून खांदे आपोआप भरत. ते कष्ट कमी झाले, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. परंतु जे बळ कामातून सहज मिळे, ते आता जाणीवपूर्वक मिळवावे लागते. मैदानावर जोर काढायला सांगितले, की काही मुले पंचवीस काढतात आणि काहींना एकही निघत नाही. ज्याला एकही निघत नाही, त्याला आपण काय देतो? बहुधा रांगेच्या कडेला उभे राहण्याची जागा. माझ्या विवेचनाचा रोख त्या मुलाकडे आहे.

जिम्नॅस्टिक्समधील रिंग्ज, म्हणजे टांगत्या कड्या, हे साधन १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून स्पर्धेत आहे. कडीचा आतील व्यास १८ सेंटिमीटर आणि दोन कड्यांमधील अंतर ५० सेंटिमीटर असते. स्पर्धेतील कड्या डोक्याच्या वर टांगतात. पण पट्टे लांब करून त्याच कड्या खाली आणल्या, की त्यांवर हात टेकून जोर काढता येतात.

जमिनीवरील जोरात शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. तो उचलायचा छातीच्या, खांद्याच्या आणि दंडाच्या मागील बाजूच्या स्नायूंनी. जमीन मात्र हलत नाही. हात जेथे ठेवला तेथेच राहतो. कडीचे तसे नाही. ती पुढे-मागे सरकते, फिरते आणि भार येताच बाहेरच्या दिशेला पळू पाहते. त्यामुळे वर ढकलण्याच्या कामाबरोबर हात आत ओढून धरण्याचेही काम छातीला करावे लागते. खांद्याच्या सांध्याची उखळी उथळ असते. खुब्यासारखी खोल नसते. सांधा जागेवर ठेवण्याची बरीचशी जबाबदारी भोवतालच्या लहान स्नायूंवर पडते. कडी हलते तेव्हा या स्नायूंना क्षणभरही सुट्टी मिळत नाही. म्हणून जमिनीवर तीस जोर सहज काढणारा गडीही कड्यांवर पहिल्या दिवशी थरथरतो. त्याचे बळ खोटे नसते. त्या बळाला स्थैर्याची जोड मिळालेली नसते, इतकेच.

हे तत्त्व आपल्या परंपरेला अनोळखी नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी ज्या मल्लखांबाला ऊर्जितावस्था दिली, त्याचे पुरलेला आणि टांगता असे प्रकार आहेत. पुरलेला खांब अचल असतो. टांगता खांब झुलतो आणि स्वतःभोवती फिरतो. त्यावरील पकड वेगळीच सावधता मागते. २०२३ साली गोव्यात भरलेल्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स हे दोन्ही क्रीडाप्रकार होते. आपल्या मुलांच्या दृष्टीने हे जग आता दूरचे नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कड्यांचा सर्वांत मोठा गुण त्यांच्या हलण्यात नसून त्यांची उंची बदलता येण्यात आहे. कड्या छातीच्या उंचीवर ठेवून मुलाने किंचित पुढे झुकावे. बहुतेक भार पायांवरच राहतो. कड्या जसजशा खाली येतील, तसतसा हातांवरील भार वाढतो. छाती, कंबर, गुडघा आणि शेवटी जमिनीपासून वीतभर अशा या चार पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर प्रथम हात सरळ ठेवून वीस सेकंद नुसते स्थिर राहावे. मग सावकाश खाली यावे, कोपरे अंगालगत ठेवावीत, कंबर खचू देऊ नये आणि वर आल्यावर तळवे किंचित बाहेर वळवावेत. आठ जोर न डगमगता निघू लागले, की कड्या थोड्या खाली घ्याव्यात. ज्याला जमिनीवर एकही जोर निघत नाही, त्यालाही अशा रीतीने पहिल्याच दिवशी पहिली पायरी मिळते. मुलींनाही हा व्यायाम तितकाच उपकारक आहे. स्त्रियांच्या ऑलिंपिक स्पर्धेत रिंग्ज नाहीत. पण स्पर्धेतील नियम आणि आरोग्याची गरज या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

घाई मात्र नको. स्नायू लवकर बळावतात. त्यांना हाडाशी जोडणारे कंडरे मागाहून, सावकाश बळावतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये विश्रांती देऊन, एवढा सराव पुरे. खांद्यात कळ आली तर थांबावे. जोरांच्या संख्येची चढाओढ लावू नये. संख्येच्या मोहात घाट बिघडतो आणि बिघडलेल्या घाटाचे मोल खांदा चुकवतो.

साधनाची निगा हाही शिक्षणाचा भाग आहे. आपल्याकडील पावसाळ्यात लोखंडी आकडे गंजतात, काथ्याचे दोर कुजतात आणि तुळईला वाळवी लागते. म्हणून वाळवी लागलेल्या तुळईवर किंवा झाडाच्या फांदीवर भिस्त ठेवू नये. भक्कम आडवा खांब, विणलेले मजबूत पट्टे आणि खाली गादी हवी. मुलाआधी शिक्षकाने स्वतः लोंबून पाहावे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. संस्थेला देणगी देताना इमारतीचा विचार आपण करताच. या वर्षी लाकडी कड्यांच्या चार जोड्यांचा करावा आणि आठवड्यातील एक संध्याकाळ त्यांच्यापाशी उभे राहण्यासाठी द्यावी. रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाला स्वतःच्या दोन हातांचा विश्वास वाटू लागला, तर तो त्याला पुढे व्यायामशाळेबाहेरही उपयोगी पडेल.